दरबार नव्हे, बिऱ्हाड

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण परवा रात्री एका बैठकीत वाचून काढलं. भाषा वाहती आहे. तिचं कौतुक भेटल्यावर चहासोबत करीन, आज फक्त तक्रारी. तू तिसऱ्या एडवर्डचा दरबार भरवला आहेस. भालदार-चोपदार ललकारतात, राजा सिंहासनावर, आणि तुझा नायक, इंग्रजीतला जुना कवी जॉफ्री चॉसर, तीनदा मुजरा करून मागे सरकतो. बाळ, हे चौदाव्या शतकातलं इंग्लंड नाही. हा आपल्या गावच्या ऐतिहासिक नाटकाचा पडदा आहे, फक्त जिरेटोपाच्या जागी मुकुट ठेवलाय. मीही तरुणपणी या विषयावर पहिला लेख लिहिला तेव्हा हेच केलं होतं. तो लेख आता कुणाला सापडू नये एवढीच इच्छा.

घोळ ‘दरबारी’ या शब्दापासून सुरू होतो. तो शब्द आला की डोळ्यांपुढे एक दिवाणखाना येतो. इंग्रज राजाचा ‘कोर्ट’ म्हणजे त्याचं घर, आणि तेही एका जागी नसलेलं. आज वेस्टमिन्स्टर, महिन्याभरात विंडसर, मग एल्थम, शीन, वुडस्टॉक. पलंग, भांडी, भिंतीवरचे पडदे, मेणबत्त्यांच्या पेट्या, सगळं गाड्यांवर चढायचं आणि काही शे माणसं मागोमाग निघायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं राजाचं बिऱ्हाड रस्त्यावर. तुझा नायक त्या बिऱ्हाडातला माणूस आहे. त्याला दिवाणखान्यात उभा करू नकोस, चिखलात रुतलेल्या गाडीमागे चालव.

एवढी तोंडं खाणार काय? राजाचे खरेदीदार पुढे जाऊन गावोगावचं धान्य, कोंबड्या, गवत राजाच्या भावानं उचलायचे, पैसे पुढे कधीतरी. आपल्याकडे वेठीचं नाव काढलं की जो राग निघतो, तोच तिथल्या शेतकऱ्याचा होता. १३६२ साली पार्लमेंटनं यावर कायदा केला. त्यात एक गंमत आहे: या खरेदीदारांचं ‘पर्व्हेयर’ हे नाव इतकं बदनाम झालं होतं की यापुढे त्यांना ‘खरेदीदार’ म्हणावं असं ठरलं. नाव बदलून प्रश्न सुटला असं दाखवायची हौस सरकारांना तेव्हापासून आहे.

आता चॉसर राजघराण्याच्या आसऱ्याला आला कसा, ते बघ. बाप लंडनचा दारूचा व्यापारी, खाऊन-पिऊन सुखी. मुलगा पहिल्यांदा कागदावर दिसतो तो १३५७ साली, राजाच्या सुनेच्या, म्हणजे अल्स्टरची काउंटेस एलिझाबेथ हिच्या खर्चाच्या हिशेबात. मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा. त्याच्यासाठी एक ‘पालटोक’ घेतला, चार शिलिंग. हा आखूड, अंगाबरोबर बसणारा अंगरखा. शिवाय काळे-तांबडे पायमोजे आणि जोडे, तीन शिलिंग. नोंद एवढीच. आणि हे हिशेबही वाचले ते नशिबानं: जुनी चर्मपत्रं निरुपयोगी झाली म्हणून दुसऱ्या एका हस्तलिखिताच्या बांधणीत अस्तराला वापरली गेली, ती एकोणिसाव्या शतकात हाती लागली. मला विचारशील तर तुझी कादंबरी त्या पालटोकापासून सुरू व्हायला हवी. नवा कपडा अंगावर चढला, आता हा पोरगा स्वतःचा नाही, त्या घराचा झाला. कोणत्या घरचं कापड तू घालतोस, यावर रस्त्यातली माणसं तुला ओळखायची. १३६९ मध्ये राणी फिलिपा गेली तेव्हाही सुतकाचं काळं कापड चॉसरला राजाकडूनच मिळालं. दुःखसुद्धा घरच्या जामदारखान्यातून मोजून मिळायचं.

‘जामदारखाना’ शब्द मी मुद्दाम वापरला. तिथल्या ‘वॉर्डरोब’ या खात्याला ‘कपड्यांचं कपाट’ म्हणून मोकळी होऊ नकोस. ते खातं कपडे, दागिने सांभाळायचं तसंच राजाच्या घरचा पैसाही. आपला जुना शब्द तिथे चपखल बसतो.

पैशांबद्दल एक गोष्ट मात्र आत्ताच दुरुस्त कर. तुझ्या चॉसरच्या कमरेच्या पिशवीत शिलिंग खुळखुळतात. शिलिंगचं नाणंच तेव्हा नव्हतं. शिलिंग आणि मार्क ही दोन्ही हिशेबापुरती नावं. पिशवीत असायचे चांदीचे पेनी, चार पेनींचा ग्रोट आणि श्रीमंताकडे सोन्याचा नोबल. बारा पेनी म्हणजे शिलिंग, नोबल म्हणजे सहा शिलिंग आठ पेन्स, मार्क त्याच्या दुप्पट. १३६७ साली राजानं चॉसरला तहहयात वर्षाला २० मार्क लावून दिले, म्हणजे ४० नोबल. ते नोबल मोजताना दाखव, वाचकाला त्यांचं वजन कळेल.

आता त्या प्रसिद्ध दारूच्या घड्याकडे येऊ. २३ एप्रिल १३७४, सेंट जॉर्जचा दिवस, विंडसर. राजानं चॉसरला रोज एक घडा वाइन तहहयात बहाल केली. तुझ्या प्रकरणात राजा स्वतः पेला भरून देतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. खरं असं की ती वाइन लंडनच्या बंदरात राजाच्या बटलरकडून, म्हणजे दारूखात्याच्या अधिकाऱ्याकडून, जाऊन घ्यायची होती. रोज. कोण जाणार, घड्याला झाकण कुठलं, उरलेली कुणाला विकायची, यातच प्रसंग आहे. चार वर्षांनी नव्या राजाकडून, दुसऱ्या रिचर्डकडून, चॉसरनं त्या घड्याऐवजी वर्षाला २० मार्क करून घेतले. व्यापाऱ्याचा मुलगा तो.

पण लावून दिलेले पैसे हातात पडणं ही निराळी कथा. खजिन्यात रोकड नसली की एक लाकडी पट्टी मिळायची, ‘टॅली’. तिच्यावर खाचा: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभरांना अंगठ्याची, विसांना करंगळीची, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग पट्टी उभी चिरायची, एक फाळका खजिन्यात, दुसरा तुझ्याकडे. तो घेऊन तू एखाद्या बंदराच्या जकातदाराकडे जायचं आणि म्हणायचं, माझे द्या. मराठेशाहीची कागदपत्रं वाचलेल्याला हे लगेच ओळखू येईल. ही ‘वरात’ आहे, वसुलीवर काढलेली पैशांची चिठ्ठी. हा शब्द बिनधास्त वापर, फक्त वाचकाला लग्नाची वरात वाटणार नाही अशा बेतानं पेर.

रोजच्या कामासाठी चौथ्या एडवर्डच्या घरची नियमावली वाच. तिला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. ती १४७१-७२च्या सुमाराची, म्हणजे चॉसर राजाच्या घरी लागला त्यानंतर शंभरेक वर्षांची, तेव्हा जपून. पण त्यात घराची घडी दिसते. खोलीवरच्या माणसांनी बिछाने घालायचे, मशाली धरायच्या, मेजं मांडायची. त्यांच्यावर स्क्वायर, म्हणजे वरच्या दर्जाचे सेवक, चाळीसेक, त्यांतले वीस सतत राजाजवळ हजर. त्यांना रात्रीची एल (बिअरसारखी जवाची दारू), हिवाळ्यात बत्त्या आणि जळण मिळायचं. आणि दुपारी, संध्याकाळी मोठ्या लोकांच्या खोल्यांत जाऊन जुन्या राजांच्या गोष्टी सांगायच्या, बासरी किंवा हार्प वाजवायची, गायचं, पाहुण्यांचा वेळ घालवायचा, हेही कर्तव्य म्हणून लिहिलंय. आपला कवी कुठे घडला ते इथे बघ. चॉसरबद्दलच्या सरकारी नोंदी पाचशेच्या घरात आहेत आणि एकीतही तो कवी असल्याचा उल्लेख नाही. लोकर-जकातीचा कंट्रोलर, म्हणजे हिशेब-तपासनीस, म्हणून मात्र हिशेब स्वहस्ते लिहायची अट त्याच्यावर होती.

१३८८ साठी तू रक्तपात राखून ठेवलायस, ठीक. त्या वर्षीच्या पार्लमेंटनं रिचर्डची जवळची माणसं वेचून काढली. निकोलस ब्रेंबर, लंडनचा मेयर राहिलेला आणि चॉसरबरोबर जकातीवर काम केलेला, फासावर गेला. सायमन बर्ली, राजाचा लहानपणचा गुरू, याच्यासाठी राणी अ‍ॅननं गुडघे टेकून विनवण्या केल्या, तरी ५ मे रोजी त्याचं मुंडकं उडवलं. चॉसर त्याआधीच जकातीतून बाहेर पडला होता, आणि बर्लीच्या आधी चार दिवस, १ मेला, त्यानं आपली राजाकडची वर्षासनं दुसऱ्याच्या नावावर करून टाकली. भीती म्हण, की त्या वसंतात मागे लागलेले कर्जाचे दावे म्हण. मला कर्ज जास्त पटतं, तुला भीती हवी असेल तर भीती घे. पण त्याला शूर करू नकोस. राजाच्या जवळ असणं हाच पगार होता आणि तोच धोका, हे त्याला पुरतं कळलेलं होतं, म्हणून तो नेहमी दाराच्या जरा अलीकडे उभा राहिला. तिथेच राहू दे त्याला.

दुसरं प्रकरण एवढ्यात पाठवू नकोस. पहिलंच पुन्हा लिही. सिंहासन काढ. एक मेज घे, त्यावर पालटोकाचे अठ्ठेचाळीस पेनी मोजून ठेवणारा कारकून, आणि पलीकडे बाह्या नीट बसतात का ते पाहणारा पोरगा. राजा त्या प्रकरणात आला नाही तरी चालेल.

तुझे,
सर