अमेरिकेच्या सेन्ससमधून इंग्लंडहून आलेल्या पूर्वजांचं मूळ गाव शोधता येतं का?

ताई, तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं की तुमच्या सासूबाईंकडची मंडळी १८७०-८० च्या सुमारास इंग्लंडहून अमेरिकेत आली, ओहायोत राहिली, आता घरात कुणाला आडनाव आणि एका पणजोबांचं नाव सोडून काही माहिती नाही, आणि तुम्हाला सेन्ससवरून, म्हणजे जनगणनेच्या नोंदींवरून, त्यांचं इंग्लंडमधलं गाव शोधायचंय. आधीच सांगतो, अमेरिकन सेन्ससच्या पानावर गाव लिहिलेलं मिळणार नाही. परदेशात जन्मलेल्या माणसापुढे फक्त देशाचं नाव लिहायचं अशी पद्धत होती, त्यामुळे पानामागून पान नुसतं इंग्लंड, इंग्लंड एवढंच दिसत राहतं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत गाव, आजा, पणजा सगळं एकाच जागी सापडतं तसं इथे नाही. पण गावापर्यंत पोचता येतं, माझ्या सुनेच्या माहेरच्यांचं मी असंच शोधून काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, अलीकडून मागे जायचं. अमेरिकेत घरोघरच्या नोंदी ७२ वर्षांनी सगळ्यांना खुल्या होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतचे सेन्सस बघता येतात, १९५० चा एप्रिल २०२२ मध्ये खुला झाला. आपल्याकडच्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं कारण भारतात १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार कुठल्याही घराची नोंद कुणाला बघायला मिळत नाही, कितीही जुनी असली तरी. तर १९५० किंवा १९४० मध्ये सासूबाईंचे आईवडील शोधा, मग ते लहान असताना १९२० किंवा १९३० मध्ये कोणाच्या घरात होते ते बघा, आणि असं एकेक दशक मागे सरका. मध्येच उडी मारून थेट १८८० मध्ये नाव शोधायला गेलात तर त्याच नावाचे खंडीभर लोक निघतील आणि आपला कोणता ते कधीच कळणार नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट खातं उघडून यातलं जवळजवळ सगळं होतं, आणि अँसेस्ट्री नावाची तशीच पैसे घेणारी साइट अमेरिकेतल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत फुकट वापरू देतात.

कुठल्या वर्षी काय विचारलं होतं हे माहिती असलं की अर्धं काम सोपं होतं. १७९० ते १८४० च्या सेन्ससमध्ये फक्त घरातल्या कर्त्याचं नाव आहे, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान आलं. १८८० मध्ये कर्त्याशी नातं काय आणि आईवडील कुठे जन्मले हे आलं, आणि तुमच्यासाठी हाच सेन्सस सगळ्यात महत्त्वाचा. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, अमेरिकेत कोणत्या साली आले, नागरिकत्व मिळालं का, एवढं सगळं आहे, शिवाय बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत हेही. सुनेच्या खापरपणजीच्या ओळीत जन्मलेली मुलं आणि हयात मुलं या दोन आकड्यांत मोठं अंतर आहे, ते बघून सून बराच वेळ काही बोलली नाही, कारण त्या गेलेल्या मुलांची नावं घरात कुणालाच माहिती नव्हती.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक फक्त आपल्या एका पूर्वजाची ओळ वाचतात आणि पान बंद करतात. तसं करू नका, अख्खं घर वाचा, आणि त्यात सगळ्यात जास्त लक्ष मुलांकडे द्या. सुनेच्या माहेरच्यांचं १८८० चं पान असं होतं: मोठा मुलगा १२ वर्षांचा, जन्म इंग्लंड, मुलगी ९ वर्षांची, इंग्लंड, मग मुलगा ६ वर्षांचा, ओहायो, आणि धाकटी २ वर्षांची, न्यू जर्सी. ही चार वयं आणि चार जागा शेजारी शेजारी ठेवल्या की त्या कुटुंबाचा सगळा प्रवास समोर येतो. नऊ वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये जन्मली आणि सहा वर्षांचा मुलगा ओहायोत, म्हणजे समुद्र ओलांडला तो साधारण १८७१ ते १८७४ च्या मध्ये. १९०० च्या सेन्ससमध्ये अमेरिकेत आल्याचं साल सरळ लिहिलेलं असतं पण ते तीसेक वर्षांनी आठवून सांगितलेलं असतं, शिवाय ते कोणी सांगितलं तेही कळत नाही, शेजाऱ्यानेही सांगितलेलं असू शकतं, सांगणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची पद्धत १९४० मध्ये आली. मुलांची वयंही एखाददोन वर्षांनी चुकतात, पण मुलांचा क्रम आणि कोण कुठे जन्मलं हे सहसा चुकत नाही, आई ते विसरत नाही.

एकदा हे कळलं की इंग्लंडच्या सेन्ससकडे वळायचं, आणि गाव मिळतं ते इथेच. इंग्लंडमध्ये १८५१ पासून प्रत्येकापुढे जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतलं गाव) आणि काउंटी (जिल्हा) लिहिलेली आहे (१८४१ मध्ये फक्त याच काउंटीत जन्म, हो की नाही, एवढंच होतं, त्याचा फार उपयोग नाही). १८७१ चा इंग्लंडचा सेन्सस २ एप्रिलला झाला, आमचं कुटुंब तेव्हा तिथेच असणार हे मुलीच्या वयावरून कळलं होतं, मग आईबाप आणि दोन मुलं अशी चारही नावं एकत्र धरून शोधलं. एकट्या बापाचं नाव टाकलं असतं तर ढीगभर माणसं आली असती, चार नावं एकाच घरात आणि वयं जुळणारी असं एकच घर निघालं, स्टॅफर्डशायरमध्ये बर्स्लेमला, आणि बापापुढे व्यवसाय चिनी मातीच्या भांड्यांचा कारागीर.

व्यवसाय मुद्दाम सांगतोय, कारण इंग्लंडहून आलेले लोक बरेचदा आपलं काम जिथे चालतं तिथेच गेले. स्टॅफर्डशायरचे भांडीवाले ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलला आणि न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला गेले, मॅकल्सफील्डचे रेशीमवाले पॅटरसनला, लँकाशायरचे गिरणीकामगार फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्डला, कॉर्नवॉलचे खाणकामगार विस्कॉन्सिनमधल्या मिनरल पॉइंटला, मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत आणि कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीला. तुमची मंडळी ओहायोची म्हणताय तर व्यवसायाच्या रकान्यात काय आहे ते आधी बघा, पॉटरी दिसली तर स्टॅफर्डशायरपासून सुरुवात करा. आणि त्याच पानावरचे शेजारी, घरात पैसे देऊन राहणारे बोर्डर, बायकोचा भाऊ, तिची म्हातारी आई, हे सगळे लिहून ठेवा. विधवा सासू जावयाच्या घरात सापडली की बायकोचं माहेरचं आडनाव फुकट मिळतं.

नाव सापडत नसेल तर लगेच हार मानू नका. सेन्ससवाला दारात उभा राहून ऐकेल तसं लिहायचा, आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच भागांत बोलताना नावाच्या सुरुवातीचा ह गिळतात, त्यामुळे हॅरिसचं ॲरिस झालेलं असतं. साउंडेक्स नावाची जी उच्चारावर बेतलेली जुनी अनुक्रमणिका आहे ती पहिल्या अक्षरावर चालते, म्हणजे हॅरिस आणि ॲरिस तिच्यात पार वेगवेगळ्या ठिकाणी जातात. मी तर आडनाव रिकामंच ठेवतो, फक्त पहिलं नाव, अंदाजे जन्मसाल, जन्म इंग्लंड आणि राहण्याची काउंटी टाकतो, आणि एखाद्या मुलाचं जरा वेगळं नाव असेल तर त्याच्यावरून शोधतो. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात परदेशातून येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथे, साहेबांनी आडनाव बदललं ही गोष्ट घरोघरी सांगतात ती मनातून काढून टाका, प्रवाशांच्या याद्या बोट सुटतानाच कंपनीचे लोक बनवायचे, आणि तुमचे लोक आले तेव्हा एलिस आयलंड सुरूच झालं नव्हतं, ते १८९२ चं, त्याआधी न्यूयॉर्कला त्याच कामाचं कॅसल गार्डन होतं.

१८९० चा सेन्सस शोधत बसू नका, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत त्याची वाट लागली, फार थोडी पानं उरली. १८८० ते १९०० ही वीस वर्षं म्हणजे मोठं भगदाडच आहे, मुलं मोठी होतात, लग्नं होतात, घरं पांगतात, म्हातारे जातात आणि सेन्ससमध्ये काहीच दिसत नाही. तिथे शहरांच्या दरवर्षीच्या डिरेक्टऱ्या बघायच्या, त्यात नाव, धंदा आणि पत्ता असतो, आणि काही राज्यांनी स्वतःचे सेन्सस घेतले होते, न्यू जर्सीचा १८८५ आणि १८९५ चा आम्हाला फार उपयोगी पडला.

नागरिकत्वाच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. सप्टेंबर १९०६ च्या आधी कुठल्याही कोर्टात ते काम व्हायचं आणि बहुतेक कागदांवर नाव, देश आणि इंग्लंडच्या राणीशी निष्ठा सोडतो एवढंच असतं, गाव क्वचित. बायकांचे कागद तर शोधूच नका, १९२२ पर्यंत लग्न झालेल्या बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागून यायचं. त्या काळातल्या बोटींच्या याद्याही देशाच्या पुढे फारशा जात नाहीत. त्यापेक्षा स्थानिक पेपरमधली मृत्यूची बातमी आणि थडग्यावरचा मजकूर बघा, त्यात कधी कधी इंग्लंडचं गाव नावानिशी असतं.

इंग्लंडमध्ये जुळणारी दोन घरं निघाली तर काय, हा पुढचा प्रश्न येणारच. तेव्हा इंग्लंडच्या जन्मनोंदींची ऑनलाइन यादी बघायची, १८३७ पासूनच्या त्या यादीत आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे, दोन्ही मोठ्या मुलांच्या जन्माला तेच आडनाव आलं पाहिजे. ते जुळलं की आईबापाच्या लग्नाचा दाखला मागवा, त्यावर नवरा आणि नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, म्हणजे आणखी एक पिढी हातात येते. मग दहा वर्षांनंतरचा इंग्लंडचा सेन्सस, म्हणजे १८८१ चा, उघडून दुसरं घर अजून तिथेच राहतंय का बघायचं, राहत असेल तर ते तुमचं नाही. १८८१ ची यादी फुकट आहे. तुम्ही १८८० च्या ओहायोच्या पानावरची फक्त मुलांची वयं आणि जन्मस्थानं इथे कमेंटमध्ये टाका, कोणत्या सालात इंग्लंडला शोधायचं ते मी बघून सांगतो.