सामाजिक भाष्य करणारा कोणता ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाणे-संगीत) गायक ऐकावा?

माझे उत्तर : जे. बी. लेनोर. मिसिसिपीत १९२९ साली जन्मलेल्या आणि पुढे शिकागोत स्थायिक झालेल्या लेनोर यांनी १९५४ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांचे नाव घालून ‘आयझेनहावर ब्लूज’ हे कराच्या ओझ्याचे आणि हलाखीचे गाणे काढले, तेव्हा ते बदलून राष्ट्राध्यक्षांच्या नावाविना नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागले. १९६५ चे ‘अलाबामा ब्लूज’ मात्र आपण आवर्जून ऐकाच. साध्या गिटारच्या साथीने, बाईच्या आवाजाइतक्या उंच, कोवळ्या स्वरात ते अमेरिकेच्या अलाबामा राज्यात आपल्या कृष्णवर्णीय माणसांना मारणारे मोकळे सुटल्याचे सांगतात आणि त्यात कुठेही आरडाओरडा नाही, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागते. त्याच नावाचा गाण्यांचा संग्रह त्या वेळी युरोपात निघाला, अमेरिकेत नाही. १९६७ मध्ये, मोटार अपघातानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले.