काठावरची बाई कुठे गेली?

प्रश्न : आरोग्य शिबिरातल्या बायकांच्या हिमोग्लोबिनच्या नोंदींचे मी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये गट पाडले. गट पाडणाऱ्या ‘कट’ या आज्ञेला सीमा दिल्या ६.२, ८, ११, १२ आणि १५.१. पहिला आकडा आमच्या यादीतला सर्वांत कमी, शेवटचा सर्वांत जास्त. पण बेरीज एका बाईने कमी भरते. शिवाय वहीत ‘ठीक’ लिहिलेल्या काही जणी सौम्य रक्तक्षयात दिसतात. चूक माझी की सॉफ्टवेअरची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘ठीक’ असलेल्या त्या सगळ्या जणींचं हिमोग्लोबिन बरोबर १२ आहे का, ते आधी बघा. असणारच.

१०-२०, २०-३० असे वर्ग असले की २० हा आकडा २०-३० मध्ये मोजायचा, हे आपण शाळेत घोकलं. असमावेशक पद्धत. ‘आर’चा कारभार नेमका उलटा. काही न सांगितल्यास ‘कट’ वरची सीमा गटात घेतो आणि खालची बाहेर ठेवतो. गटाच्या नावातच ते लिहिलेलं असतं : डावीकडे गोल कंस, उजवीकडे चौकोनी. चौकोनी कंसाजवळचा आकडा आत, गोल कंसाजवळचा बाहेर. आपण ‘सौम्य’, ‘मध्यम’ अशी नावं दिली की हे कंस दिसेनासे होतात, म्हणून मी नावं नेहमी शेवटी देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीला ८ च्या खाली तीव्र, ८ ते १०.९ मध्यम, ११ ते ११.९ सौम्य रक्तक्षय. १२ पासून पुढे ठीक. म्हणजे खालची सीमा आत हवी. तुमच्याकडे १२ वाली सौम्यात घसरली, तशी ११ वाली मध्यमात आणि ८ वाली तीव्रमध्ये गेली असेल. त्याही तपासा.

आता हरवलेली बाई. ती ६.२ वाली. पहिल्या गटाची खालची सीमा ६.२, आणि खालची सीमा बाहेर. मग तिला गटच उरला नाही. तिच्यापुढे ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’, लागलं, आणि मोजणी करणारी ‘टेबल’ ही आज्ञा मुद्दाम सांगितल्याशिवाय ‘एनए’ मोजत नाही. जिला सगळ्यांत आधी दवाखान्यात न्यायचं, तीच यादीतून गेली!

‘कट’मध्ये वरची सीमा आत घ्यायची का, हे ‘राइट’ ठरवतं; त्याला ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, करा. पण तेवढंच केलंत तर ६.२ वाली परत येईल आणि १५.१ वाली जाईल. म्हणून टोकांना यादीतले आकडे नकोतच : सीमा ०, ८, ११, १२ आणि ‘इन्फ’, म्हणजे अनंत. सीमा पाच, नावं चार.

मला हे एका महाविद्यालयाच्या निकालाने शिकवलं. सीमा ०, ३५, ६०, १०० दिल्या आणि पहिल्या गटाला ‘नापास’ नाव. आपल्याकडे ३५ वर केवढी गर्दी असते ते ठाऊक आहेच. काठावर पास झालेली सगळी पोरं नापासांत, आणि शून्यवाले कुठेच नाहीत. तक्ता प्राचार्यांच्या टेबलावर पोचल्यावर शिपायानेच विचारलं, ‘मॅडम, पस्तीसला पास ना?’

आणि हो, यादीत गरोदर बायका असतील तर गट पाडण्याआधी त्या वेगळ्या काढा. त्यांच्या सीमा निराळ्या आहेत.