आधी हिशेब, मग क्षमा

सोलापूर

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

चुलतभावाला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलीस, त्यानं हप्ते थकवले आणि आता दर महिन्याच्या सात तारखेला तुझ्या पगारातून ४,२०० रुपये कापले जातात. वर घरचे म्हणतात, "नाताळ तोंडावर आलाय, आपण ख्रिस्ती माणसं, सोडून दे." तू विचारलंस, सोडायचं म्हणजे नक्की काय सोडायचं? प्रश्न रास्त आहे. 'सोडून दे' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचं उत्तर देता येणार नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतला शब्द बघ. रोज तोंडपाठ म्हणतो, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, 'आमची ऋणे सोड' असं म्हटलंय, तो शब्द आहे 'ऋण'. म्हणजे क्षमा हा वहीतला व्यवहार आहे, आणि उधारी सोडायची तर आधी ती किती हे माहीत हवं, हे कुठलाही किराणा दुकानदार सांगेल. तुझ्याकडे रक्कम लिहिलेलीच नाही. म्हणून चार वेळा सोडलीस आणि चारही वेळा ती परत आली.

एक कोरा कागद घे. वीस मिनिटं पुरेत. रात्री अंथरुणात बसून लिहू नकोस, झोपेचं खोबरं होतं. रविवारी उपासनेनंतर दुपारी लिही. मधोमध रेघ मार. डावीकडे मोजता येतं ते: ११ हप्ते, ४६,२०० रुपये. उजवीकडे मोजता येत नाही ते: आईशी खोटं बोलावं लागलं, त्यानं फोन उचलणं बंद केलं, लग्नात समोर आल्यावर पाठ फिरवली. 'त्यानं माझं वाटोळं केलं' असं मोघम लिहायचं नाही. मोघम अपराधाला क्षमाही मोघमच मिळते आणि ती पुढच्या सात तारखेपर्यंत टिकत नाही. लिहून झालं की ५५ वं स्तोत्र मोठ्यानं वाच. शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू माझ्या जवळचा, अशी तक्रार त्यात आहे. ती तक्रार पवित्र शास्त्रात आहे, तेव्हा तुझ्या तोंडी शोभणार नाही असं समजू नकोस.

आता मत्तय १८ मधला दाखला. राजा एका चाकराचं अफाट कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी धरतो. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एका तालांताचे साधारण ६,००० दीनार, म्हणजे राजानं माफ केलेले दहा हजार तालांत हे सहा कोटी दिवसांचे रोज. फेडणं अशक्य. हे सगळे उपदेशक सांगतात. पण त्या चाकराला दुसऱ्याकडून यायचे होते ते शंभर दीनार क्षुल्लक होते असंही ठोकून देतात, ते मला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी आहे ती. आज ५०० रुपये रोज धरला तर ५०,००० होतात, तुझ्या आकड्याच्या अगदी शेजारी. तुझं नुकसान खरं आहे, आणि दाखल्यात ते खरंच धरलं आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढच्या गोष्टीत होतो. जुनी उधारी सोडणं वेगळं आणि नवी उधारी देणं वेगळं. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाचं बघ, त्याला भावांनीच गुलाम म्हणून विकलं होतं. पुढे मिसरात (इजिप्तमध्ये) तो अधिकारी असताना तेच भाऊ धान्य मागायला समोर आले, त्यानं ओळखले, पण ओळख दिली नाही. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, दुसऱ्या फेरीत धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला ठेवून चोरीचा आळ आणला. ज्या यहूदानं, म्हणजे त्यांच्यातल्याच एका भावानं, योसेफाला विकायची कल्पना काढली होती, तोच 'या पोराऐवजी मला गुलाम ठेवा' म्हणाला, तेव्हा योसेफ ढसाढसा रडला. ओळख द्यायला दोन फेऱ्या लागल्या. धान्य मात्र पहिल्याच फेरीत दिलं, शिवाय त्यांचे पैसे गुपचूप गोणीत परत घातले.

तेव्हा तू काय सोडायचंस? सूड. नातेवाइकांत त्याची बदनामी. त्याच्या मुलांशी धरलेला अबोला. हे तारीख घालून कागदाखाली लिही आणि सही कर. पैसे मागायचा हक्क यात येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं १४५ वं कलम जामीनदारानं रीतसर भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करू देतं. दावा करायचा तर पैसे भरल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. दुसरा जामीनदार असेल तर वेगळं ठरलेलं नसल्यास बोजा दोघांवर सारखा, मग एकट्या तुझाच पगार का कापतात ते पतसंस्थेत विचार. कोर्टाची पायरी मात्र शेवटची. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आपल्या चर्चच्या मंडळीत आहेत की दोन-तीन! काही रक्कम सोडावीशी वाटली तर आकडा ठरवून सोड. कंटाळून सोडलेले पैसे नंतर फार आठवतात.

एव्हरेट वर्दिंग्टन हे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा असे दोन भाग करतात. पहिली एका दुपारी होते, दुसरीला महिने लागतात. 'साताच्या सत्तर वेळा क्षमा कर' हे येशूचं सांगणं मला इथेही लागू वाटतं, कारण अपराध एकच असला तरी पगार कापल्याचा मेसेज दर महिन्याला येतो. मेसेज आला की आधी आपला जबडा आणि कपाळ बघ. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या होप कॉलेजच्या प्रयोगात, मनात अढी घोळवताना विद्यार्थ्यांचे ठोके, रक्तदाब आणि भुवयांचा ताण वाढलेला दिसला होता. दात आवळलेले असतील तर सोड, श्वास सावकाश बाहेर टाक, कागदावरची तारीख वाच आणि उठून कामाला लाग. दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली राहिली तर हे प्रार्थनेवर ढकलू नकोस. डॉक्टरांना दाखव किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या, नंबरवर बोल.

एक सापळा सांगून ठेवतो. चर्चच्या तरुण संघात 'प्रार्थनेसाठी विषय' म्हणून हे मांडू नकोस. आपल्याकडे चुगली बऱ्याचदा डोळे मिटून होते. मत्तय १८:१५ सांगतं की आधी दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मंडळी त्यानंतर. (मारहाण किंवा अत्याचार असेल तिथे हा क्रम लावायचा नाही. तिथे एकटीनं जायचंच नाही, आधी सुरक्षितता आणि पोलीस.)

भेटायला शनिवारी संध्याकाळी जा, ऊन उतरल्यावर. 'मी तुला क्षमा केली' असं सुरुवातीलाच म्हणू नकोस. ज्यानं चूक कबूल केलेली नाही त्याला ती शिवी वाटते. आधी आकडा सांग, मग विचार, दरमहा किती देऊ शकशील? हजार म्हणाला तरी कागदावर घे. करंज्यांचा डबा दारातच मुलांच्या हातात दे. पगारपत्रकांच्या झेरॉक्स पर्समध्ये असू देत, पण चहा होईपर्यंत बाहेर काढू नकोस.

तुझा,
काका