ग्लासगोहून ग्लेन्को: ऐन वेळी निघणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून ऐन वेळी ठरवून मित्रासोबत गाडीने दिवसभराच्या सहलीला निघत असाल, तर जरूर निघा. मात्र लॉख लोमंड सरोवर, ग्लेन्को दरी आणि स्काय बेट एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळा, कारण नवखे हमखास तिथेच फसतात. ए८२ रस्त्याने ग्लेन्कोपर्यंत जाऊन परतणे पुरेसे आहे.

ग्लेन्कोजवळच्या ग्लेन एटिव्ह दरीतल्यासारख्या एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली, की 'पासिंग प्लेस' (समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा) डावीकडे असल्यास तिच्यात शिरावे, उजवीकडे असल्यास तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे. फोटोसाठी तिथे गाडी लावून ठेवणे सर्वस्वी गैर आहे.

डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून उजाडण्यापूर्वीच निघावे. पेट्रोल आधी भरावे, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा आणि छत्रीऐवजी (ती वाऱ्यापुढे टिकत नाही) रेनकोट घ्यावा. परतताना गाडी कोण चालवणार, हेही आधीच ठरवावे. मद्यपान करून गाडी चालवण्याबाबतची मर्यादा स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे.