ऐरोलीत राहतो. ६ वर्षांच्या मुलीला रोबोटिक्सच्या क्लासला घालावं का?

नको, अजून वर्ष-दोन वर्षं घरीच करून घ्या. तयार किटचे तुकडे जोडले की गाडी पळते, पण का पळते ते या वयात कळत नाही. ठाण्यात पहिली-दुसरीच्या मुलांना मी बाटलीची झाकणं, स्ट्रॉ आणि बांबूची काडी देते, त्यांची गाडी करायला. झाकणाचं भोक मधोमध नसलं की गाडी लंगडते, मग पोरं स्वतःच दुसरं झाकण मागतात. (भोकं तुम्हीच पाडा.) खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी नेटवर फुकट आहेत, मराठीतही. क्लासात मुलं स्वतः कापत-चिकटवत असतील तर खुशाल घाला. आणि खेळण्यात छोटा दिवा पेटवायला पेन्सिल सेलच घ्या. बटण सेल (चपटा, गोल) गिळला तर २ तासांतही अन्ननलिका भाजू शकते.