'ॲसिड जॅझ'चं 'आम्ल जॅझ' करावं का?

अस थ्री या लंडनच्या गटाच्या 'हँड ऑन द टॉर्च' (१९९३) या अल्बमवर मराठीत लिहिताना 'ॲसिड जॅझ' या संगीतप्रकारासाठी 'आम्ल जॅझ' आणि 'सॅम्पल'साठी, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून घेऊन नव्या गाण्यात वापरलेल्या तुकड्यांसाठी, 'उचललेले तुकडे' हे शब्द चालतील का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही टाळा.

१९८७ साली शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. त्यात टीबी-३०३ या बास सिंथेसायझरचा पिळवटलेला, चिरकत वर चढणारा बास आहे. त्या धर्तीच्या नाचाच्या संगीताला ॲसिड हाऊस म्हणतात. लंडनमध्ये त्याची लाट आली तेव्हा जाइल्स पीटरसन आणि ख्रिस बँग्स हे डीजे जॅझ-फंकच्या जुन्या तबकड्या लावत. ते ॲसिड हाऊस, तर आमचं हे ॲसिड जॅझ, अशी ती थट्टा होती. पीटरसन आणि एडी पिलर यांनी आपल्या रेकॉर्ड कंपनीला तेच नाव दिलं आणि ते रुळलं. म्हणजे इथला 'ॲसिड' आवाजाचं वर्णन करतच नाही. 'आम्ल' लिहिलंत तर वाचक त्या संगीतात नसलेला दाहकपणा शोधत बसेल.

'उचललेले'बद्दल मला जास्त वाटतं, कारण मराठीत चाल 'उचलली' म्हटलं की चोरीचा आळ येतो. इथे तर ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीनंच अस थ्रीच्या जेफ विल्किन्सन आणि मेल सिम्पसन यांना आपला जुना संग्रह वापरायची मुभा दिली होती. 'कँटलूप' हे अल्बममधलं गाणं लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला बर्डलँड क्लबचा निवेदक पी वी मार्केट बोलतो. तो आवाज ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या १९५४ च्या मैफलीतला. मग हर्बी हॅनकॉकच्या १९६४ च्या 'कँटलूप आयलंड'मधला पियानो पुन्हा पुन्हा फिरत राहतो. पण त्यावर उसळणारा ट्रम्पेट मात्र जेरार्ड प्रेझेन्सरनं नव्यानं वाजवलेला आहे, आणि माझ्या मते गाण्याचा खरा जीव तोच. सरसकट 'उचललेले तुकडे' म्हटलं तर त्याच्या वाजवण्याचं श्रेय बुडतं. 'सॅम्पल' हा शब्द आपल्याकडे गाणी करणारे रोज वापरतात, तोच घ्या: 'पियानोचं सॅम्पल वापरलं आहे.' 'नमुना' नको. त्यातून वेगळाच अर्थ निघतो.

अल्बमच्या स्वागताविषयी 'उदंड प्रतिसाद' असं मोघम लिहिण्यापेक्षा सरळ माहिती द्या. 'कँटलूप' अमेरिकेत बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पहिल्या दहात गेलं. अल्बमला तिथे प्लॅटिनम मिळालं, आणि १९३९ पासून चालत आलेल्या ब्लू नोटच्या एखाद्या अल्बमला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

लिंगाचं म्हणाल तर अल्बम पुल्लिंगीच. 'तो जॅझ' असंही कानावर येतं, पण 'संगीत' अध्याहृत धरून मी 'ते ॲसिड जॅझ' असं लिहितो.